सूर देऊन उठायचं

आम्ही टेलिफोनवाल्या दिवसभर लोकांची बोलणी चोरून ऐकायचो, असं ज्यांना वाटतं त्यांना माझा कोपरापासून नमस्कार. अहो, ऐकायला वेळ कुणाच्या बापाला होता? समोर भिंतीएवढा बोर्ड, त्यात ओळीने भोकं, प्रत्येक भोकाशी एक बारका दिवा. कुणी आपल्या घरी रिसीव्हर उचलला की त्याचा दिवा लागायचा. त्यात मागची दोरी खुपसायची आणि म्हणायचं, "नंबर सांगा." त्याने नंबर सांगितला की पुढच्या दोरीचं टोक त्या भोकाला आधी नुसतं टेकवायचं. कानात टक् झालं तर तिकडे आधीच कुणीतरी बोलतंय. टक् नाही झालं तर दोरी आत, घंटी दिली, की लगेच पुढचा दिवा. आणि हे सगळं मान न वळवता. मान वळली की मास्तरीणबाईंची पट्टी खुर्चीच्या पाठीवर वाजलीच म्हणून समजा.

मास्तरीण म्हणजे आमच्या मुख्य सुपरवायझर. तोंडावर मॅडम, पाठीमागे मास्तरीण. बाईंना एकच वेड होतं, आवाजाचं. बोर्डावर बसणाऱ्या प्रत्येक बाईने ‘नंबर सांगा’ एकाच सुरात म्हणायचं. बाई बदलली हे पलीकडच्या माणसाला कळता कामा नये. नवीन पोरगी आली की तिला भिंतीकडे तोंड करून उभी करायच्या आणि तेवढे दोनच शब्द दिवसदिवस घोटून घ्यायच्या. घरी जाऊन भाजी चिरताना, केस विंचरताना, आम्ही आपल्या पुटपुटतोय, नंबर सांगा, नंबर सांगा. घरच्यांना वाटायचं, पोरगी कामातून गेली.

पाळी बदलतानाची रीत तर आणखी वेगळी. येणारी बाई आपला हेडफोन शेजारच्या खोबणीत लावून बसलेलीच्या खांद्याशी उभी राहायची. पुढचा दिवा लागला की दोघींनी एका श्वासात, एका सुरात ‘नंबर सांगा’ म्हणायचं. दोन आवाजांचा एक झाला की मगच बसलेलीने उठायचं. याला आम्ही सूर देणं म्हणायचो. सूर दिल्याशिवाय उठायचं नाही, मग शू लागो की आग लागो. का, ते कुणी विचारलं नाही. मास्तरीणबाईंना कोण विचारणार? मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची?

मी त्या खुर्चीवर उमेदीची वर्षं काढली. मग एका वादळात, पाळी संपून सूर देऊन झालाच होता, तोच तारेवर वीज पडली आणि हेडफोनमधून कडाड् करून माझ्या उजव्या कानात शिरली. पडदा फाटला. एका कानाच्या बाईला सूर कसला कळणार? मला त्याच हॉलच्या कोपऱ्यात तक्रारीच्या टेबलावर बसवलं. लोकांच्या शिव्या ऐकायला एक कान पुरतो, असं साहेब म्हणाले. मी म्हटलं, साहेब, तुमचं ऐकायला तर तोही जास्तच होतो. तेव्हापासून त्यांनी माझ्या वाटेला जाणं सोडलं.

माझ्या जागेवर माझी धाकटी बहीण लागली. तिला घरीदारी सगळे चिमणी म्हणायचे, कारण तिच्या तोंडाची टकळी थांबायचीच नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. सकाळी डोळे उघडायच्या आधी तोंड उघडायचं. स्वप्नात काय दिसलं, शेजारणीने काय नेसलं, मांजर कसं शिंकलं, सगळं आम्हाला ऐकावंच लागायचं. आई म्हणायची, "हिला कुणीतरी बंद करा गं, आटपा." आईच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘आटपा’ असायचंच. देवाला नमस्कार केला तरी शेवटी त्याला आटपा म्हणेल अशी बाई. वडील गेल्यावर आम्ही तिघीच. आई खेकसायची, चिमणी बडबडायची आणि मी दोघींना गप्प करायला ओरडायचे. खालच्या मजल्यावरचा शिंपी म्हणायचा, तुमच्या घरात रेडिओची गरजच नाही.

तर ऐका, झालं ते असं.

दुपारची वेळ. चिमणी बोर्डावर, मी माझ्या कोपऱ्यात. तिच्या समोर एक दिवा लागला आणि ती हसली, कारण तो आमच्याच घरचा दिवा होता. कामावरच्या बायकांना घरी फोन मिळायचा, तसा आम्हालाही मिळालेला. तिला वाटलं, आई काहीतरी आणायला सांगतेय. दोरी लावून म्हणाली, "नंबर सांगा." तर पलीकडे शिंपी. "डॉक्टर द्या, डॉक्टर! वरच्या आजी जिन्यावरून पडल्यात, उठत नाहीत!"

तिने काय केलं, ते मी या डोळ्यांनी पाहिलं. डॉक्टरांच्या भोकाला टोक टेकवलं, टक् झालं नाही, दोरी आत, घंटी. डॉक्टर बोलले तोवर ती जागची हलली नाही. मग हेडफोन काढून हुकाला अडकवला, उठली आणि पळत सुटली. मी तिच्या मागे. सूर द्यायला मागे कुणी नव्हतं आणि असतं तरी ती थांबली नसती. सख्खी आई जिन्यात पडलेली असताना कोण थांबेल हो? मास्तरीणबाई दारात उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. नुसत्या त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

आई वाचली. मांडीचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर कळलं म्हणून बरं, आता पलंगावर राहायचं. आईने त्यांनाही आटपा म्हटलं. चिमणी रजा घेऊन घरी राहिली आणि मी दुसऱ्या सकाळी कामावर परतले.

टेबलाशी बसते न बसते तोच तक्रारी सुरू. नेहमीच्या असतात तशा नव्हेत. एक वकील म्हणाले, "बाई, तुमची मुलगी नंबर विचारते, मी सांगतो, की पुन्हा विचारते. पुन्हा सांगतो, पुन्हा विचारते. जोडून काही देत नाही." मग एका दवाखान्यातून तेच. मग एका दुकानातून तेच. मी विचारलं, आवाज कसा होता? ते म्हणाले, गोड होता हो, त्याचीच तर चीड येते.

मी कुणाचे दिवे कुठल्या खुर्चीसमोर येतात ते पाहिलं. सगळे चिमणीच्या खुर्चीसमोरचे. खुर्ची रिकामी होती. मुली कमी असल्या की शेजारची हात लांब करून ते दिवे घ्यायची, पण त्या दिवशी कुणीही हात लांब करत नव्हतं. शेजारची पोरगी तर आपली खुर्ची पलीकडे सरकवून बसलेली. दिवे लागत होते. आणि दोरी कुणी न लावता एकेक विझत होते, पलीकडच्याला उत्तर मिळालं की विझतात तसे.

मी गेले, हुकावरचा हेडफोन उचलला आणि चांगल्या कानाला लावला.

"नंबर सांगा," चिमणी म्हणाली.

चिमणी म्हणजे चिमणीच. सांगा म्हणताना शेवटी ती जरा हसल्यासारखं करायची, मास्तरीणबाईंनी कितीदा पट्टी वाजवली तरी गेलं नव्हतं ते, तेसुद्धा होतं. मी म्हटलं, "चिमणे, तू घरी आहेस ना?" तर पुन्हा, "नंबर सांगा." हेडफोन तिथेच टाकून मी तडक घर गाठलं.

घरात शांतता. आमच्या घरात शांतता म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं. दार उघडलं की आधी चिमणीचा आवाज अंगावर यायचा आणि मग चिमणी. आई पलंगावर बसलेली, चिमणी तिला उशी लावून देत होती. मला बघून तिने तोंड उघडलं. ओठ हलले. घोगरं, वाऱ्यासारखं काहीतरी बाहेर आलं, ‘ताई’ असेल बहुतेक. आई म्हणाली, "तू गेल्यापासून घसा बसलाय तिचा. काढा दिला. गुण येईना."

दुसऱ्या दिवशी तेवढंही राहिलं नाही. डॉक्टरांनी चमचा घालून पाहिलं, उजेड पाडून पाहिलं. घसा स्वच्छ. म्हणाले, धक्का बसलाय, येईल आवाज. कुठून येईल? आवाज तर तिकडे खुर्चीत बसला होता आणि अख्ख्या गावाला नंबर विचारत होता. चिमणी बिचारी सांगायला जायची, सवयीने हात नाचवायची, भुवया उडवायची, मांजर शिंकलं ते सांगत असेल, आणि मध्येच तिच्या लक्षात यायचं की काहीच ऐकू जात नाहीये. मग हात खाली. मी न्हाणीघरात जाऊन रडले. पोरीचं बोलणं ऐकून माझं डोकं उठायचं, आता न ऐकून उठत होतं.

मी मास्तरीणबाईंना गाठलं. म्हटलं, तुम्हाला माहीत होतं हे. आता खरं सांगा, नाहीतर बोर्डावर चढून अख्ख्या गावाला सांगेन.

बाई खाली बसल्या. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. म्हणाल्या, "मी नवीन होते तेव्हा एकीचं असंच झालं होतं, सूर न देता उठली आणि आवाज खुर्चीत राहिला. दुसरीने तिचा सूर घेतला, तेव्हा तिचा आवाज परत आला. पण मग घेणारीचा तिथे अडकला. तिचा तिसरीने घेतला. असं पाळीपाळीने फिरत राहिलं. शेवटी कधी सुटलं ते कुणालाच कळलं नाही, कारण सगळ्या एकाच सुरात बोलायला लागल्या होत्या. म्हणून तर मी सूर सूर करत असते गं."

"मग आत्ताही घेईल कुणीतरी. फिरत राहील."

"किती दिवस? बोर्ड जातोय." ही बातमी आम्हाला होतीच. पलीकडच्या इमारतीत यंत्राचं एक्सचेंज बसवून झालं होतं. लोक आपापला नंबर आपणच फिरवणार, बाई नको की दोरी नको. एका ठरलेल्या दुपारी या बोर्डाच्या तारा सुटणार आणि त्या यंत्राच्या लागणार. बाई म्हणाल्या, "आता जी घेईल तिच्याकडून घ्यायला मागे कुणी येणार नाही. तिचं तसंच राहील. आणि कुणी घेतलाच नाही, तर तुझ्या बहिणीचं."

मी काय विचार करत बसणार होते? मी त्याच पावली गेले, खुर्चीशी उभी राहिले, दिवा लागायची वाट पाहिली आणि तिच्याबरोबर म्हटलं, नंबर सांगा. पुन्हा म्हटलं. घसा फुटेस्तोवर म्हटलं. पण माझा एक कान मेलेला. तिचा सूर वर आणि माझा खाली, दोन आवाज दोनच राहिले. सगळा हॉल मान न वळवता ऐकत होता. कुणी हसलं असतं तर मी झिंज्या उपटल्या असत्या, पण कुणी हसलं नाही.

चिमणीलाच बसवून पाहिलं. ती खुर्चीत बसली, हेडफोन लावला आणि स्वतःचा आवाज ऐकून तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बरोबर म्हणायला तोंड उघडलं, पण म्हणायचं कशाने? मूठच रिकामी तर देणार काय आणि घेणार काय? शेजारच्या पोरींकडे मी बघितलंसुद्धा नाही. एकेकीचं लग्न ठरलेलं, एकीला तान्हं मूल. दुसऱ्याच्या लेकीचा गळा मागायला तोंड हवं ना.

त्या संध्याकाळी हे सगळं मी आईला सांगितलं. सांगायला नको होतं की हवं होतं, देव जाणे. चिमणी आत झोपली होती. आई सगळं ऐकून घेत होती, मध्ये एकदाही आटपा म्हणाली नाही. मग म्हणाली, "माझ्यापायी उठली ती."

मी म्हटलं, "उगाच काहीतरी बोलू नकोस."

"उगाच कसं? मी पडले म्हणून ती उठली. जिन्यात तेल सांडलेलं मला दिसलं होतं, पुसायचा कंटाळा केला." आणि मग म्हणाली, "बोर्डाचा शेवटचा दिवस आहे म्हणतेस, घरच्यांना बोर्ड बघायला बोलावलंय म्हणतेस. मलाही ने."

मी चिडले. मोडक्या मांडीने हिला सहल सुचतेय! म्हटलं, तुला काय कौतुक त्या मेल्या बोर्डाचं? तर म्हणते, माझ्या दोन लेकी तिथे बसल्या, मी एकदा बघू नको? मी आपली हो म्हणाले. मला वाटलं, म्हातारीचं मन रमेल तेवढंच.

त्या दुपारी हॉलमध्ये जत्राच होती. कुणाचा नवरा, कुणाची सासू, कुणाची पोरं दोऱ्यांखालून पळतायत. साहेब टाय लावून. फोटोवाला आलेला. तार जोडणारे पलीकडच्या इमारतीत तयार, फोनवरून इशारा मिळाला की एका झटक्यात बदल. आईला शिपायांनी खुर्चीत बसवून जिन्याने वर आणलं. ती सगळ्या जिन्यात त्यांच्यावर खेकसत होती, "हळू रे, पोतं नाहीये मी. आटपा." चिमणी मागे, तिची काठी घेऊन. वर आल्यावर आई म्हणाली, "हिची जागा कुठली?" मी दाखवली. म्हणाली, "मला तिथे बसव. बघू दे तरी कसं वाटतं ते." आम्ही तिला उचलून चिमणीच्या खुर्चीत ठेवली. माझ्या डोक्यात तेव्हा काही म्हणजे काही आलं नाही. मी तिच्या पायाखाली स्टूल सरकवत होते.

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "केस नीट बांध. फोटो काढणारेत." मग तिने हुकावरचा हेडफोन घेतला आणि डोक्याला लावला.

समोरचा एक दिवा लागला.

मी खाली वाकलेली होते. माझ्या चांगल्या कानाशी आईचं तोंड. ती म्हणाली, "नंबर सांगा." आणि स्टूल सरकवणारा माझा हात तिथेच थांबला. कारण तो सूर. पट्टी न वाजवता, कुणी न शिकवता, जसाच्या तसा. आम्ही दोघी वर्षानुवर्षं घरात तेच दोन शब्द घोटत होतो आणि ऐकत कोण होतं? आणि गळा तर चिमणीला तिनेच दिलेला. दिवा विझला, दुसरा लागला. ती पुन्हा म्हणाली, आणि हेडफोनमधून चिमणी म्हणाली, आणि मला दोघींचा मिळून एकच आवाज ऐकू आला.

"आई, नको!" मी ओरडले. हेडफोन ओढला. पण त्याआधी तिच्या तोंडून सवयीने शेवटचं निघून गेलं होतं, "आटपा."

साहेबांनी हात वर केला. एका क्षणात भिंतभर दिवे विझले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांमध्ये माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, "आई, काय केलंस तू? ताई, बघ ना आईने काय केलं! आई, बोल ना!" चिमणी बोलत होती. खणखणीत. हॉलभर ऐकू जाईल असं. आणि आई खुर्चीत मागे टेकून बसली होती. तिने तोंड उघडलं नाही. उघडायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. फोटो निघाला त्यात सगळे हसतायत, चिमणी रडतेय आणि माझे केस सुटलेले आहेत.

मला वाटलं होतं, बोर्ड गेला, आईचा आवाज त्याबरोबर गेला, विषय संपला. रडून झालं की माणूस मनाची समजूत घालतं. पण कसलं काय! आठवडा झाला नाही तर माझ्या टेबलावर तक्रार. एक बाई म्हणाली, "तुमचं नवीन यंत्र फार उद्धट आहे." मी म्हटलं, यंत्र काय उद्धट असणार? म्हणाली, "रिसीव्हर उचलला की आधी नुसती घूं घूं यायला हवी ना? तर मागून एक म्हातारी खेकसते. नंबर सांगा, आटपा." मग दुसरा. मग तिसरा. इंजिनिअरने तारा तपासल्या, म्हणाला, काही नाही, लोकांना सवय नाही यंत्राची. मी घरी आले, आमचा फोन उचलला, चांगल्या कानाला लावला. घूं घूं. आणि तिच्या मागे, लांबून, जिन्याच्या वरून हाक मारावी तसं, "नंबर सांगा, आटपा."

माझी आई माझ्यासमोर पलंगावर मुकी बसली होती.

चिमणीला कळल्यावर ती काय ऐकते? म्हणाली, "ताई, आता बोर्ड नाही, खुर्ची नाही. आवाज तारेत आहे. तिच्याबरोबर सूर जुळला की झालं. माझा जुळेल. मी घेते." आणि लागलीच रिसीव्हर उचलला. आईने पलंगावरून वाकून हात लांब केला आणि बोटाने फोनची दांडी दाबली. लाइन बंद.

तेव्हापासून आमच्या घरात हेच चाललंय. आईने पलंग फोनच्या शेजारी लावून घेतला. खाणाखुणा करून, आदळआपट करून, आमच्याकडून. चिमणी नवीन कामावरून येते, बडबड करते, आईला समजावते, शपथा घालते, पाया पडते आणि फोन उचलते. आईचं बोट दांडीवर. मध्येच कधी आई पेंगली असं वाटून चिमणी चोरपावलांनी जाते, तर आईचे डोळे उघडेच. पहारेकरी परवडला, पण ही म्हातारी नको. मी घरचा फोन काढून टाकावा म्हटलं, तर चिमणी म्हणते, मग मी रस्त्यावरच्या फोनवरून घेईन, आईला कळणारही नाही. आणि तिने ते केलंच असतं. पण तिला आईच्या समोरच घ्यायचा होता. आईचा पहिला शब्द तिला ऐकायचा होता, मग तिचं स्वतःचं काही होवो.

परवा ती माझ्याकडे आली. दार लावून घेतलं. म्हणाली, "ताई, तू फक्त तिचे हात धर. दोन मिनिटं. एवढंच माग‌तेय तुझ्याकडे. ती बोलेल गं. आपल्याला खेकसेल."

मला आईच्या खेकसण्याची काय भूक लागली होती, ते मी तुम्हाला कसं सांगू? फोनमधून ऐकू येतं तेवढ्यासाठी मी दिवसातून कितीदा रिसीव्हर उचलायचे आणि ठेवायचे. मी हो म्हणाले.

आम्ही दोघी पलंगाशी गेलो. मी आईशेजारी बसले आणि तिचे दोन्ही हात माझ्या हातात घेतले. तिने ओढले नाहीत. हाडं हाडं झालेले ते हात, एकदम हलके. चिमणीने रिसीव्हर उचलला. खोलीत एवढी शांतता होती की मला इथून ऐकू आलं, "नंबर सांगा, आटपा." चिमणीने डोळे मिटले आणि श्वास भरून घेतला. आई चिमणीकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि मान हलवत होती, हळूहळू, नाही, नाही, नाही.

मी एक हात सोडवला आणि दांडी दाबली.

चिमणीने डोळे उघडले. माझं बोट बघितलं. आणि मग तिने तोंड सोडलं. मला बहीण म्हणायला लाज वाटते, म्हणाली. आईचा आवाज तुला नकोच होता, म्हणाली, लहानपणापासून तिच्याशी भांडत आलीस, आता बरं वाटत असेल. असलं नाही नाही ते बोलली, रडत बोलली, ओरडत बोलली, खालून शिंप्याने छताला काठी ठोकली तरी थांबली नाही. आई उशीला डोकं टेकवून, डोळे मिटून चिमणीचा शब्द न् शब्द ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी कधी पाहिलं नव्हतं. माझा दुसरा हात तिने घट्ट धरून ठेवला होता.